नावाडणीच्या चाळीस ओळी

बारीकबाई हे तिचं खरं नाव नव्हे. इंटरनेटवरच्या एका फोरमवर नोंदणी करताना काय नाव घ्यावं ते सुचेना, तेव्हा शेजारी बसलेली तिची थोरली बहीण म्हणाली, "बारीकबाई लिही. सगळ्यात खुसपटं काढतेस, शोभेल तुला." तिने लिहिलं आणि ते कायमचं चिकटलं.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाचा दात घडवायचा, मग चिनीमातीची भुकटी कालवून कुंचल्याने थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. शेकडो माणसं तिने केलेल्या दातांनी जेवत होती आणि त्यांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक म्हणाले की बाईला नावाची हाव सुटली.

फोरमवर तीसेक जण होते, वेगवेगळ्या शहरांतले, एकमेकांना कधी न भेटलेले. सगळ्यांना लहानपणी खेळलेल्या गेमसारखी एक गेम करायची होती: ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, पिंपिं वाजणारं संगीत, आणि एक प्रवासी, जो गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, लढतो, शिकतो. खेळणाऱ्याने त्याच्या भूमिकेत शिरायचं. प्रोग्रॅम लिहायचा तो कप्तान. पोरगा हुशार होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. संगीत पिपाणीचं. हा बस चालवायचा आणि ड्यूटी संपली की घरी सूर जुळवत बसायचा. चित्रं बारीकबाईची. सोळा चौकोन रुंद, सोळा चौकोन उंच, एवढ्यात विहीर बसवायची, तीही अशी की पाणी खोल आहे हे कळावं. एकदा त्या विहिरीला दोर हवा की नको यावर तीन आठवडे भांडण चाललं होतं.

आणि गेममधली माणसं बोलायची ते सगळं मास्तरांचं. मास्तर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. टायपिंगशी त्यांचं वाकडं, म्हणून वहीच्या पानांचे फोटो पाठवायचे आणि बारीकबाई ते टाइप करायची. दोनशे बारा गावकरी त्यांनी बोलते केले. त्यांची सगळ्यांत लाडकी होती नावाडीण. ती प्रवाशाला नदीपार नेते आणि दर खेपेला एकच वाक्य बोलते. चाळीस खेपांना चाळीस ओळी. त्यांतून तिचं अख्खं आयुष्य कळतं. चाळिसाव्या खेपेला ती वल्हं प्रवाशाच्या हाती देऊन म्हणते, "आज तुम्ही न्या मला."

सहा वर्षं असं चाललं. मग एका रविवारी सकाळी फोरम उघडेना. बारीकबाईने दोनदा मोडेम बंद-चालू केला. तेवढ्यात पिपाणीचा फोन आला.

"बाई, कप्तानाची मुलाखत बघितलीत?"

तिने बघितली. एका कंपनीने गेम घेतली होती आणि कप्तानाने फोरमच बंद करून टाकला होता. कप्तान खुर्चीत रेलून सांगत होता, "सहा वर्षं एकट्याने झगडलो." त्याच्या मागे पडद्यावर तिचं दीपगृह होतं. चौकोनन् चौकोन तिचा.

तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला.

"बाई, समजून घ्या ना. कंपनीला एक चेहरा लागतो. तीस जणांची यादी कोण वाचतंय? तुम्हाला विशेष आभारांत टाकतो."

"आभार पाहुण्यांचे मानतात रे! मी घर बांधलंय तिथे."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

तिने फोन आपटला. त्या दिवशी लॅबमध्ये तिच्या हातून तीन दात बिघडले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मालक म्हणाले, "आज घरी जा." घरी बहीण म्हणाली, "अगं, चौकोनच तर रंगवले होतेस. सोड ना आता." त्यानंतर दोन दिवस दोघी एका टेबलावर जेवल्या आणि एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मास्तरांना कसं सांगावं या विवंचनेत ती होती. त्यांना मागच्याच वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता. पण गेम बाजारात आली आणि त्यांचाच फोन आला.

"बाई, मी नदी ओलांडली."

"मास्तर, तुम्ही शांत व्हा आधी..."

"तीन ओळी! चाळिसांतल्या तीन! 'बसा.' 'पोहोचलो.' 'पुन्हा या.' बस्स. खेळणारे कंटाळतील म्हणे! माझं नाव गाळलंस ना कप्ताना, गाळ मेल्या, खुशाल गाळ. पण माझ्या नावाडणीला मुकी केलीस?" त्यांचा आवाज इतका चढला की पलीकडे त्यांच्या बायकोने फोन हिसकावून घेतल्याचं ऐकू आलं.

त्या क्षणी बारीकबाईच्या रागाला जागा मिळाली. तोवर तो नुसताच दातांवर आणि बहिणीवर निघत होता.

पुढच्या महिन्यात कप्तानाचं एका सभागृहात भाषण होतं. रजा टाकून, तीन तास बसने जाऊन ती पोहोचली. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी तिने हात वर केला. माइक आला. सहा वर्षं ती त्याला अरे-तुरे करत आली होती. आज म्हणाली, "तुम्ही एकट्याने केलीत ना गेम? मग सांगा, दीपगृहाच्या गावात तिसऱ्या घराच्या भिंतीवर काय आहे?"

कप्तानाने तिला ओळखलं. हसायचा प्रयत्न केला. "दोन हजार चित्रं आहेत. सगळी कशी लक्षात राहतील?"

"घड्याळ आहे. चार वाजून दहा मिनिटं. का, ते तरी सांगा."

त्याने पुढचा प्रश्न घ्या अशी खूण केली.

"आमचा पिपाणी त्या वेळी डेपोत बस लावतो आणि घरी जाऊन तुमचं संगीत बनवतो, म्हणून. मी मुद्दाम काढलं ते."

माइक बंद झाला. पण लॅबमध्ये दात तासायच्या यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय असलेल्या बाईला माइक कशाला लागतो? तिने मास्तरांचं नाव घेतलं, पिपाणीचं घेतलं, एकेक करत बावीस नावं घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी "खाली बसा हो" म्हणून ओरडलं. शेवटी एका स्वयंसेवकाने दंडाला धरून तिला बाहेर नेलं. बसस्टॉपवर ती रडली. कुणी कीव करू नये, ते रडू रागाचंच होतं.

खुसपटं काढायच्या सवयीपायी तिने फोरमचं पानन् पान घरच्या कॉम्प्युटरवर जपून ठेवलं होतं. कोण कधी काय बोललं, कुणी कुठलं चित्र सुधारलं, सगळं तारीखवार. पिपाणीच्या मुलीने ते नव्या ठिकाणी चढवलं, कुणालाही वाचता येईल असं. लोकांनी वाचलं. विहिरीच्या दोराचं भांडण तर खूपच वाचलं. कंपनीची पंचाईत झाली. महिन्याभरात गेमच्या अगदी शेवटी, जिथवर फारसं कुणी पोहोचत नाही तिथे, तीसही नावं आली. कप्तानाने जाहीर केलं की झाला तो गैरसमज होता. ते वाचून बारीकबाईने हातातला कप भिंतीवर मारला. "गैरसमज? चांगला समजून-उमजून केलास की रे!" बहिणीने तुकडे गोळा केले. ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं तेव्हा. चौकोन म्हणायला नको होतं."

नावं आली, पण नावाडीण मुकीच होती. म्हणून अकरा जण पुन्हा जमले आणि त्यांनी फक्त नदी आणि काठची नऊ गावं नव्याने केली. प्रोग्रॅम पिपाणीच्या मुलीचा, चित्रं सगळी पुन्हा काढलेली, ओळी चाळीसच्या चाळीस. चौदा महिने गेले. मास्तरांनी एका दुपारी चाळीस खेपा केल्या, फोनवर दोन स्वल्पविराम राहिल्याचं कळवलं आणि चाळिसावी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ती गेम चारेकशे लोकांनी खेळली असेल. कप्तानाची लाखो लोक खेळतात.

परवा त्याचा निरोप आला. दुसरा भाग करतोय, चित्रांना तुमच्यासारखा हात मिळत नाही, या वेळी नाव अगदी सुरुवातीला टाकू. तिने तो बहिणीला वाचून दाखवला.

"काय लिहिणार?" बहिणीने विचारलं.

"चाळीस ओळी सुचतायत," ती म्हणाली, "आणि एकही छापण्यासारखी नाही." मग तिने निरोप पुसून टाकला. राग अजून तसाच आहे. जावा असं तिला वाटतही नाही.