एक चाक उचललेली गाडी

"पाय काढ! पाय काढ आधी! टायर जाळतोस का?" मामा ओरडले.

गॅरेजच्या मागच्या आवारात खडी पडली होती. परागने मुद्दाम गाडीचं एक मागचं चाक खडीवर आणि दुसरं सिमेंटच्या कोब्यावर उभं केलं होतं, आम्हाला दाखवायला. त्याने ॲक्सिलरेटर दाबला की खडीवरचं चाक भिंगरीसारखं फिरायचं, खडे पत्र्यावर ताडताड आपटायचे आणि कोब्यावरचं चाक ढिम्म उभं. गाडी इंचभरही पुढे जाईना.

"बघितलंत ना?" खिडकीतून डोकं काढून पराग म्हणाला. "एवढं इंजिन टाकलंय, आणि वळणावरून बाहेर पडताना हे असं. माझ्या निम्म्या ताकदीच्या गाड्या पुढे निघून जातात. हसतात हो लोक!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कंपनीतली नोकरी सोडून मी नाशिकच्या सातपूरला गॅरेज टाकलं होतं. पराग नाशिक रोडचा. घरचं ट्रान्सपोर्ट, आणि हौस रॅलीची. जुनी, लांब बॉनेटची, मागच्या चाकांवर चालणारी सेडान घेऊन तिच्यात त्याने मुंबईच्या भंगारबाजारातलं जपानी टर्बो इंजिन बसवलं होतं.

आणि दगूमामा. मूळचे देवळ्याचे, माझे कुणी लागत नव्हते, पण सगळ्या सातपूरचे मामा. गॅरेज माझ्या नावावर असलं तरी गिऱ्हाईक यायचं ते मामांच्या कानासाठी. गाडी फाटकातून आत येता येता मामा सांगायचे, "टॅपेट." किंवा, "गिअरबॉक्सचं मागलं बेअरिंग." उघडून बघितलं की तेच निघायचं. मी डिग्रीवाला म्हणून मला ते 'इंजिनियर' अशी हाक मारायचे, आणि ती कौतुकाने मारलेली नसायची.

आता परागचं दुखणं काय होतं ते सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. ती दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण साध्या डिफरन्शियलची एक खोड असते. एक चाक घसरायला लागलं की त्याला फिरायला लागतो तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इंजिन कितीही दणकट असो, घसरणारं चाक सगळी मजा मारतं.

"वेल्ड मारून टाकू का?" परागने विचारलं. तेव्हा बरेच जण तसं करायचे. डिफरन्शियलची आतली चाकं वेल्डिंगने एकमेकांना चिकटवायची, म्हणजे दोन्ही चाकं कायम बरोबरच फिरतात.

"मार की," मी म्हणालो. "मग डांबरी वळणावर गाडी सरळ शेतात घाल, आणि टोमॅटो घेऊन ये येताना."

उपाय एकच होता, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. बोलताना नुसतं एलएसडी. हिच्यात पातळ पोलादी चकत्यांची थप्पी दाबून बसवलेली असते. एक चाक मोकाट सुटायला लागलं की चकत्या घासून त्याला आवरतात आणि जोर टेकलेल्या चाकाकडे जातो. वळणावर थोडं सैल सोडतात, घसरणीवर धरून ठेवतात. मोडीत निघालेल्या एका जपानी जीपमधली एलएसडी परागने शोधून आणली. आमच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, ती बसेना, म्हणून अंबडच्या एका कारखान्यात नेऊन मशीनिंग करून घेतलं. मामांनी आयुष्यात असलं काही उघडलं नव्हतं. त्यांनी चकत्या एकेक करून पुसल्या, उजेडात धरल्या, पुन्हा लावल्या.

"डोकं लावलंय पण, हां," ते म्हणाले. "हे तुझ्या कॉलेजात शिकवलं का रे?"

"फळ्यावर शिकवलं."

"मंग ऱ्हाऊ दे. मीच बसवतो."

ट्रायलला आम्ही त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या रस्त्याला गेलो. पराग चालवत होता, मी शेजारी, मामा मागे. एका बाजूला उखडलेलं डांबर, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत मुरूम. परागने चढावर गाडी थांबवली आणि पाय दाबला. गाडी क्षणभर मागे बसली आणि सुटलीच! दोन्ही चाकांनी जमीन धरली होती. पराग वेड्यासारखा हसत होता. मामांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला.

परतताना एका अरुंद वळणावर मागून कट्कट् आवाज आला. असल्या डिफरन्शियलमध्ये तो येतो. चकत्या थोड्या अडतात, वेगळं ऑइल टाकलं की जातो. पराग दचकला. मीही मागे वळून बघितलं, कारण मामा काय म्हणतात ते ऐकायचं होतं. मामा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. आवाज बरोबर त्यांच्या सीटखालून येत होता.

"मामा, ऐकलं का?"

"आं? हां, ऐकलं की. ऐकलं," ते म्हणाले.

त्यांना तो ऐकूच आला नव्हता. गेलं वर्षभर मला शंका होती. हाक मारली की चटकन बघायचे नाहीत. गाड्यांचं निदान अजून बरोबर यायचं, पण आता ते आधी गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारायचे. आवाज कधी होतो, चढावर होतो का, ब्रेक दाबल्यावर थांबतो का. म्हणजे कानाचं काम डोक्याने भागवत होते.

दुसऱ्या दिवशी चहाला मी विषय काढला. "मामा, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. मी येतो बरोबर."

"कशाला?"

"तपासायला."

"मंग तो मशीन देईल. ते कानात घालून मी गिऱ्हाइकाफुडं बसू? बहिऱ्याकडं कोण गाडी आणंल रे?" त्यांनी कप खाली ठेवला. "चाळीस वर्सं ह्या कानावर खाल्लंय मी. आता तोच काढून घेतो का तू माझ्याकडनं?"

मी मामींना सांगितलं, त्यांच्या मुलीलाही सांगितलं. त्यांनी घरी विषय काढला तर दोन दिवस मामा जेवले नाहीत म्हणे. एवढा हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि एवढा घाबरलेलाही नाही.

एलएसडीचा धोका परागला कुणी सांगितला? मामांनीच. गाडी ताब्यात देताना त्यांनी त्याला मागच्या चाकाजवळ उभं केलं.

"नीट ऐक. साध्या गाडीचं एक मागलं चाक जॅकवर उचलायचं, गिअर टाकायचा, अन् बेअरिंगचा आवाज ऐकायचा. उचललेलं चाक फिरतं, टेकलेलं गप ऱ्हातं. आपण सगळे तसंच करतो. हिचं नाय करायचं. हिच्यात टेकलेल्या चाकालाबी जोर जातो. गाडी जॅकवरून उडी मारंल. उचलायची तर दोन्ही चाकं स्टँडवर. काय?"

"दोन्ही," पराग म्हणाला.

"पंक्चरवाल्यालाबी सांग."

मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. म्हटलं, कान गेला असेल, माणूस शाबूत आहे.

रॅली तोंडावर आली तसा पराग पुन्हा आला. नवे, जाड गोट्यांच्या नक्षीचे टायर टाकले होते आणि आता गाडी डांबरावर घूंऽऽ करत होती. मी एक फेरी मारून आलो. माझ्या मते आवाज टायरचा होता, तरी खात्री करायला हवी होती. मामा बाहेर येऊन उभे राहिले.

"मागलं डावं बेअरिंग," ते म्हणाले.

"मामा, टायर वाटतोय मला."

"तुला काय वाटतं ते तुझ्यापाशी ठेव. परागशेठ, घे गाडी आत."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक स्वतःची गाडी न्यायला आलं. मी पुढे त्याला काय काय काम केलं ते समजावत उभा राहिलो. मागे शेडमध्ये इंजिन चालू झाल्याचं ऐकलं. त्यात नवल काही नव्हतं.

आवाज ऐकायची आमची पद्धत अशी. ऐकणारा चाकाजवळ जमिनीवर बसतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ॲक्सलला लावतो आणि मूठ कानाला. गाडीत बसलेला त्याच्या हाताकडे बघतो. बोट वर केलं की गिअर टाकायचा, पंजा दाखवला की थांबायचं. ऐकणारा मालक, चालवणारा नोकर, मग तो घरचा कितीही मोठा असो. परागने नंतर सांगितलं तसं, डावं चाक एकटंच जॅकवर होतं आणि मामांनी बोट वर केलं. परागने फर्स्ट टाकून क्लच सोडला.

धाडकन आवाज झाला आणि मग परागची किंकाळी. मी धावलो. गाडी पुढच्या चाकांना लावलेल्या विटांवर चढून थांबली होती. जॅक आडवा पडला होता. मामांचे पाय गाडीखाली, आणि डावं मागचं चाक त्यांच्या कमरेवर. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच होता. शेजारच्या गॅरेजमधले धावले, आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी हाताने उचलली. मामा ओरडले नाहीत. नुसते वर बघत होते, कुणीतरी आपल्याला रागावणार आहे अशा तोंडाने. ते तोंड मला आजही दिसतं आणि रडू येतं.

हॉस्पिटलच्या जिन्यावर पराग डोकं धरून बसला होता.

"मला माहीत होतं हो," तो म्हणाला. "एक चाक उचललं तेव्हाच मनात आलं होतं. पण ज्याने मला सांगितलं, तोच माणूस बोट वर करतोय. म्हटलं, मामांनी काहीतरी विचार केला असेल. मी कोण त्यांना सांगणार?"

त्याच्या जागी आमच्या गॅरेजमधला कुणीही असता तरी क्लच सोडलाच असता. मामांच्या बोटाला नाही म्हणायची पद्धतच नव्हती आमच्यात.

कमरेचं हाड तीन ठिकाणी गेलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जगतील, कुबड्यांवर घरातल्या घरात फिरतील, जमिनीवर बसायचं काम संपलं. मेकॅनिकचं जमिनीवर बसणं संपलं म्हणजे काय उरलं? मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो.

मामा बोलायला लागले तेव्हा मी भेटायला गेलो. कानाजवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागत होतं. आता ते लपवत नव्हते.

"खोललं का?" त्यांनी विचारलं.

"खोललं."

"डावं ना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण चाळीस वर्षं या माणसाने कुणाला खोटं निदान सांगितलं नव्हतं. "नाही मामा. दोन्ही बेअरिंगं चांगली आहेत. टायरचा आवाज होता."

मामा म्हणाले, "मला आवाज आलाच नव्हता रे."

"म्हणजे?"

"तुम्ही दोघं म्हणत होता घूं करतीये. मला काय बी ऐकू येईना. डावं म्हणलं ते अंदाजानं. मंग म्हणलं, जवळ जाऊन बघू." ते छताकडे बघत बोलत होते. "दोन्ही चाकं उचलली की दोन्हीकडनं कालवा होतो. एकच उचललं तर एकाचाच आवाज येतो. म्हणून एक उचललं. चांगला कान असता तर दोन्हींत वळखलं असतं."

"आणि एलएसडी? तुम्हीच तर परागला सांगितलं होतं."

"ती आठवलीच नाय. डोक्यात एकच होतं, ऐकू आलं पायजे. या बारीला तरी ऐकू आलं पायजे."

मी त्यांचा हात धरून बसलो.

मामा गॅरेजला परत आले नाहीत. परागने त्या वर्षी रॅली केली नाही आणि नंतरही कधी केली नाही. गाडीतली एलएसडी माझ्याकडून काढून घेतली, साधं डिफरन्शियल बसवलं आणि गाडी विकली. एलएसडीचा काही दोष नव्हता. तिने तेच केलं ज्यासाठी आम्ही ती बसवली होती. पण मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तीही देऊन टाकली.

मुलीने शेवटी मामांना कानाचं मशीन आणून दिलं. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते दारात खुर्चीवर बसले होते. माझी हाक ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुझा आवाज लय कर्कश हाय रे, इंजिनियर," ते म्हणाले. "इतके दिस बरं होतं." दोघंही हसलो. मग रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मामांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "सायलेन्सर फुटलाय." आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. एवढंच हवं होतं, म्हणाले, अन् तेवढं मिळवायलाबी मी डॉक्टरकडं गेलो नाय. त्यानंतर चार-पाच वर्षांनी मामा गेले.

गाडीचा आवाज बदलला की मालक ती दुसऱ्या दिवशी गॅरेजला आणतो. माणसाचं ऐकणं कमी झालं की बाकीचे मोठ्याने बोलायला लागतात आणि काम चालू राहतं. आमच्याकडे आता दोन नियम आहेत. बोट वर करणारा कुणीही असो, शंका आली तर क्लच सोडायचा नाही. आणि दरवर्षी सगळ्यांचे कान तपासायचे, पहिले माझे.

गेल्या खेपेला माझा डावा कान कमी निघाला. तेव्हापासून आवाज ऐकायला मी खाली बसत नाही. जुनं गिऱ्हाईक विचारतं, "साहेब, तुम्ही नाही का ऐकणार?" मी सांगतो, "मला आता नीट ऐकू येत नाही." साधं वाक्य आहे. मामांना ते म्हणायला आधी कमर मोडून घ्यावी लागली.