बोरीहून ऑकलंडला: आप्पा, घोंगडी आणि बारा हजार किलोमीटर

नणंदेनं, सुरेखानं, ऑकलंडहून तिकिटं पाठवली तेव्हा आमचे सासरे आप्पा म्हणाले, "येवढ्या लांब मी न्हाई जायचा." मग फोनवर सुरेखाची दोन वर्षांची ईरा हसली. या नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आप्पा आमच्याच मेंढरांची लोकर घेऊन तिच्यासाठी घोंगडी विणून आणायला निघाले. ऑकलंडला सोबत म्हणून मी.

मुंबई ते ऑकलंड सरळ रेषेत बारा हजार किलोमीटरच्या वर. आम्ही सिंगापूरमार्गे गेलो: तिथवर साडेपाच तास, पुढे जवळपास दहा. त्याआधी आमच्या गावाहून, बोरी बुद्रुकहून, माळशेज घाट उतरून विमानतळ गाठायचा, तो वेगळा. जाणाऱ्यांनो, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. मध्ये सामान उचलावं लागत नाही.

आप्पांनी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला आणि सिनेमा असल्यासारखा तोच बघत बसले. ऑस्ट्रेलियावर आल्यावर मला हलवून उठवलं.

"सूनबाई, इमान हलंना गं! चढ लागला काय?"

"आप्पा, देश मोठा आहे."

"मग मधी कुठं च्या प्यायला थांबत न्हाईत?"

ऑकलंडला उतरल्यावर खरी परीक्षा. तिथे प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू आणि खाण्याचे पदार्थ आधीच सांगावे लागतात. लपवू नका, दंड होतो. मी घोंगडी आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही सांगितली. तपासणीवाल्या बाईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात जनावरांशी संपर्क?" मी भाषांतर केलं.

आप्पा खुलले. "संपर्क? जन्म गेला मेंढरांत! कालच्याला एक व्याली, म्याच सोडवली."

हेही मी इमानदारीनं सांगितलं. बाईंनी घोंगडी आणि आप्पांच्या वहाणा उचलल्या आणि आत गेल्या. आप्पा अनवाणीच बाकावर बसले.

"घोंगडी ठिवून घेतली तर मी हितनंच माघारी."

"आप्पा, माघारी म्हणजे पुन्हा तेवढंच!"

  मी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

बाई परतल्या. घोंगडी जशीच्या तशी, आणि वहाणा धुऊन लख्ख. आप्पा वहाणांकडे बघतच राहिले. "लई गुणाची बाई! घरात कुणी माझ्या वहाणा धुतल्या न्हाईत." हे मात्र मी भाषांतरित केलं नाही.

बाहेर ईरानं पागोटेवाले आजोबा पाहिले आणि भोकाड पसरलं. मग आईच्या मोबाईलमध्ये शोधू लागली. तिचे आजोबा तिथे राहतात ना! आप्पांनी घोंगडी जमिनीवर अंथरली, वर बसले आणि मेंढरासारखं "ब्यॅऽऽ" केलं. येणारेजाणारे थबकले. ईरा रडायची थांबली, जवळ आली आणि बोटानं त्यांचा गाल दाबून बघितला. गाल खरा निघाला.

महिनाभर राहिलो. मोकळ्या कुरणातली मेंढरं पाहून आप्पा रोज चिडायचे, "राखायला माणूस न्हाई, कुत्रं न्हाई, काय हा कारभार!"

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. परवा दुपारी मी टीव्ही लावला, तर आप्पांनी येऊन आवाज एकदम बारीक केला.

"तिकडं रात झाली गं," ते कुजबुजले, "पोर झोपली आसंल."