उन्हात वाळवलेले सेल

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. केदारी. तो माझ्या आत्याचाच मुलगा, लहानपणापासून अरे-तुरे चालत आलेलं, लग्न झालं म्हणून जीभ काही वळेना. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होत असतं तर मी चिडून मारलेल्या हाकांनी तो कधीच गेला असता. अजून धडधाकट आहे. आत्ताही मागच्या बाजूला कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलाय.

रेल्वे वर्कशॉपमध्ये तो खलाशी होता, म्हणजे फिटर मागेल ते अवजार उचलून द्यायचं आणि डबा ढकल म्हटलं की ढकलायचा. काम अंगमेहनतीचं, पण घरी आल्यावरही त्याचं बूड कधी टेकलं नाही. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर. माझी आत्या, म्हणजे सासू लक्कव्वा, म्हणायची, याला मी पाळण्यात घातलंच नव्हतं, हा चालतच जन्माला आला. जुन्या हुबळीत आमच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि समोर मौनप्पा कम्माराचं, म्हणजे लोहाराचं, ट्रंका करायचं दुकान. सकाळपासून ठणठण. आम्हाला त्याची सवय होती, पाव्हण्यांना डोकं धरून बसावं लागायचं.

मी गायची. माझा बाप कापडाच्या गिरणीत होता, त्यानं बाबासाहेबांवर अकरा गाणी जोडली होती. एक कडवं मराठीत, एक कानडीत, कारण समोर बसणारे दोन्ही बोलायचे. बापाला लिहायला येत नव्हतं. वही नाही, कागद नाही. तो गेला तेव्हा ती गाणी फक्त माझ्या गळ्यात राहिली. दर जयंतीला मी ती म्हणायची, धोंडिबाअण्णा पेटी धरायचा, आणि केदारी पुढच्या रांगेत मांडी हलवत बसायचा. बारा वर्षांत त्यानं मला गाण्याबद्दल दोनच शब्द सांगितले असतील, बरं झालं. मला त्याचा राग यायचा. बायको गाते आणि नवऱ्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघत नाही, याला काय म्हणावं?

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या सुरुवातीला माझ्या गळ्याला गाठ आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, काढावीच लागेल. मग चष्मा पुसत म्हणाले, "आवाजाची शीर तिथूनच जाते. आम्ही सांभाळू, पण आवाज बसू शकतो. आधी सांगून ठेवतो." ऑपरेशनला सव्वा महिना होता. बाहेर आलो. मला वाटलं केदारी काहीतरी बोलेल, निदान हात तरी धरेल. बस येईपर्यंत तो स्टॉपच्या खांबाला नखानं खरवडत उभा राहिला आणि बस दिसल्यावर म्हणाला, "टेप घ्यायला पाहिजे."

"माझा गळा चिरायला निघालेत आणि तुला टेप सुचालाय?" मी म्हणाले. सगळी बस बघायला लागली. मी वाटेतल्या रायापूरच्या पुढं येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रडले.

आठवड्यात त्यानं सायकल विकली आणि अरबस्तानातून आलेल्या एकाचा जुना टेप-रेकॉर्डर आणला. तिथून पुढं तो वर्कशॉपला चालत जायला लागला आणि आमच्या पुढच्या खोलीचा स्टुडिओ झाला. घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींना. आम्ही चटईवर. अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून दाराला आतून ठोकले. दुरुस्तीच्या दुकानातून एक माइक मिळवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या पट्ट्यांनी तो वाशाला टांगला, म्हणजे कुणी चाललं तरी धक्का माइकपर्यंत जाऊ नये. आत्यानं हे सगळं कमरेवर हात ठेवून बघितलं. "अंड्याचं दुकान टाकालास काय रे?" म्हणाली, आणि पापड घेऊन पत्र्यावर चढली.

पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि मौनप्पाचा हातोडा सुरू झाला. टेपमध्ये ऐकलं तर हातोडा पुढं आणि मी मागं. पहाटे करू म्हटलं तर नळाला पाणी, बायकांची भांडणं. रविवार धरला, मौनप्पा रविवारीही बसतो. केदारी रोज कॅलेंडर बघायचा, रोज गोधड्या काढून पुन्हा लावायचा, माइक वीतभर वर, वीतभर खाली. मला दहादा विचारायचा, घसा कसाय. भीती वाटते का, हे एकदाही नाही. मी रात्री गाठीवर हात ठेवून झोपायची आणि मनात अकरा गाणी मोजायची. एखादं आठवलं नाही तर उठून बसायची.

शेवटी केदारी समोर गेला. मौनप्पा भला माणूस. म्हणाला, "अमासी दिना सुत्तगी मुट्टंगिल्ल." अमावास्येला हातोड्याला हात लावत नाही, त्यांच्यात तशी रीतच. गल्लीतल्या सगळ्या कम्मारांची त्या दिवशी सुट्टी. अमावास्या सोमवारी होती, ऑपरेशन गुरुवारी.

केदारी धावत धोंडिबाअण्णाकडं गेला, मीही मागोमाग. अण्णा पेटी पुसत होता. अमावास्या म्हटल्यावर त्याचा हात थांबला. "त्या दिवशी नवीन काम मी धरत नाही," म्हणाला.

"अण्णा, आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आता कसली अमावास्या घेऊन बसलास?" केदारी म्हणाला.

"दीक्षा घेतली रे," अण्णा खाली बघत म्हणाला. "भीती तेवढी राहिली. या यल्लव्वाच्या गळ्याला सुरी लागायचीय, आणि तिचं काही वाईटवाकडं झालं तर जन्मभर वाटेल की माझ्या पेटीनं झालं. माझ्या हातनं नको बाबा."

केदारी त्याला भित्रा म्हणाला. मला मात्र अण्णाचा राग आला नाही. निदान एकाला तरी माझी काळजी वाटत होती.

सोमवारी गल्ली अशी गप्प की कानाला चुकल्यासारखं वाटलं. पेटीशिवाय मी माइकखाली बसले आणि करंट गेला. त्या साली पाऊस नव्हता, करंट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नव्हता. केदारी डगमगला नाही, कारण त्यानं सेलची तयारी ठेवली होती. तयारी म्हणजे काय, तर महिनाभर वापरलेले सहा जाडे सेल त्यानं आठवडाभर पत्र्यावर आत्याच्या पापडाशेजारी उन्हात वाळवले होते. आमच्याकडं सगळेच वाळवतात. उन्हात तापले की मेलेल्या सेलात पुन्हा जीव येतो, टॉर्च चार दिवस जास्त चालते. सेल घातले, लाल दिवा लागला. केदारीनं बोट वर केलं आणि मी सुरू केलं.

पेटी नव्हती, त्यामुळं पट्टी मनानं धरली. गाठीवर ताण येत होता म्हणून जरा खालूनच धरली असावी. मध्ये पाणी पीत, पदर गळ्याला गुंडाळून मी अकराही गाणी म्हटली. केदारीनं लगेच मागं फिरवून ऐकवलं. कम्माराचा ठोका नाही, कुत्रं नाही, बाई कचाकचा भांडत नाही. नुसती मी. त्यानं कॅसेटच्या पाठीचे दोन्ही कान मोडले, म्हणजे वर कुणी चुकून दुसरं भरू नये, आणि ती डब्यात घालून डबा कपाटात ठेवला. पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही, फीत गुंतली तर काय घ्या. ऑपरेशनच्या खोलीत जाताना मला त्या डब्याचा आधार वाटला, हे मी कबूल करते.

गाठ गेली. आवाजही गेला. सुरुवातीला नुसती हवा यायची, मग हा आला, जो तुम्ही ऐकताय, फाटक्या कापडासारखा. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट बघा. मी वाट बघितली नाही, मला त्याच दिवशी कळलं होतं.

एप्रिलमध्ये जयंतीला चारजण घरी आले, म्हणाले, टेप तरी लावा. करंट होता. केदारीनं वायर लावली, कॅसेट घातली. आणि आतून कुणीतरी आठ वर्षांची पोर घाईघाईनं गायला लागली. पहिलं गाणं बरं तरी, पुढचं त्याहून चिरकं, शेवटचं तर चिमणीचं. एकजण तोंड दाबून हसला. मी उठून आत गेले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून बसले. बापाची गाणी गेली, माझा आवाज गेला, आणि जे ठेवलं होतं त्याचं हसं झालं. मला त्या मशीनचा राग आला, त्याहून केदारीचा.

त्याला कारण कळायला सकाळ उजाडावी लागली नाही. उन्हात वाळवलेल्या सेलनी दिवा लागला, पण मोटर हळू फिरली, आणि सेल उतरत गेले तशी आणखी हळू. हळू भरलेलं आता पुऱ्या करंटवर धावत होतं. त्या दिवशी लगेच ऐकलं तेव्हा मशीनही त्याच सेलवर हळू चालत होतं, म्हणून ठीक वाटलं. ते सेल तर केव्हाच फुटून, चिकट होऊन उकिरड्यावर गेले होते. केदारी दोन दिवस जेवला नाही. मी वाढलंही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं मशीन उघडलं. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत एक स्क्रू, तो फिरवला की मोटर हळू किंवा जोरात. केसभर फिरवायचा आणि ऐकायचं, दर गाण्याला पुन्हा नव्यानं. पण थांबायचं कुठं? धोंडिबाअण्णा आपणहून पेटी घेऊन आला, तोंड उतरलेलं. "तू काळी चारला गातेस, तिथं लावू." मी मान हलवली. त्या दिवशी काळी चार नव्हती. मग कुठली होती? कुणाला सांगता येईना. पेटी त्या दिवशी असती तर पेटीच्या सुरानं स्क्रू बसवून मोकळे झालो असतो. अण्णाला हे कळत होतं. त्यानं पेटी बंद केली.

महिना गेला. केदारी वर्कशॉपमधून आला की स्क्रू, मी पुढ्यात बसायची. "हा?" "अजून खाली." "हा?" "खाली की. माझा आवाज असा बारीक नव्हता." एका रविवारी सकाळी तो पेचकस टाकून उठलाच.

"अजून खाली नेला तर बाप्या होईल तो. तुझा आवाज असा नव्हता गं."

"आवाज माझा होता," मी जमेल तेवढं ओरडले. "मला ठाऊक का तुला?"

"तू कुठं ऐकलास?" तो म्हणाला. "गाताना तुझं लक्ष गाण्यात. ऐकायला मी बसत होतो. बारा वर्षं पुढच्या रांगेत काय झोपायला बसत होतो काय?"

तो पुन्हा खाली बसला, मला काही न विचारता पेचकस उलटा फिरवला, जरासा, मग आणखी जरासा, आणि हात काढून घेतला. बापाचं तिसरं गाणं चालू होतं. मला तो आवाज परका वाटला. माझ्या डोक्यात घुमायचा त्याहून बारीक, मोकळा, माझ्यापेक्षा चांगल्या बाईचा. केदारीकडं बघितलं तर तो हलत नव्हता. पाय नाही, मांडी नाही, बोट नाही. त्याच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

एवढ्यात आत्या नळावरून घागर घेऊन गल्लीतून धावत आली. दारातच थांबली. आतल्या अंधारात तिला टेप दिसेना, आणि तिच्या भावाचं गाणं चाललेलं.

"यल्ले," ती म्हणाली, "आला होय गं आवाज?"

केदारीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "होय आत्या, आला." आणि बोलले तेव्हा तिनं तो माझा फाटका आवाज ऐकला, आणि गाणं चालूच होतं.