दहीभात फेकताना

आमच्याकडे कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करतात. कापूस दहीभातासारखा पांढरा फुटावा म्हणून वेचायच्या आधी तो भात झाडांवर फेकतात. यंदा मी वर्ध्याहून वडनेरला गेले, तर आईने वाटी माझ्याच हातात दिली. दह्याचा आंबट वास आला आणि ताई आठवली.

मी आठवीत होते, इंग्रजीत नापास होत होते. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून ताई मला शिकवत होती. समोर आई भात फेकत होती.

"दही कसं हाय?" ताईने विचारलं.

"आंबट."

"हे दह्याबद्दल सांगतलं, म्हून ॲडजेक्टिव्ह. आता सांग, आई भात कसा फेकून राह्यली?"

"हळू."

"हे फेकण्याबद्दल झालं. ॲडव्हर्ब. एवढंच त हाय, भेतं काऊन?"

बोलता बोलता ती बोटांना लागलेलं दही चाटत होती. मला फक्त उद्याच्या पेपरची काळजी होती.

ताई गेली तेव्हा मी रडले नाही, अजूनही रडलेले नाही. यंदा वाटी हातात आली, तशी एकदाचं उरकावं म्हणून मी भात भराभर फेकू लागले.

"हळू फेक बाई," आई म्हणाली.

मग हळू फेकला. हाताला ते बरोबर जमलं.

परतताना धाकट्या भावाची नवी बायको सोबत होती. तिने ताईला कधी पाहिलं नव्हतं. "ताई कशा होत्या वो?" तिने विचारलं.

'कशा' म्हणजे तिला ताईबद्दलचं ॲडजेक्टिव्ह हवं होतं. डोक्यात आंबट एवढाच शब्द होता.