रत्नप्रभाबाईंनी स्ट्रेचर अडवलं

रत्नप्रभाबाईंचा राग जयपूरच्या त्या अख्ख्या कॉलनीला माहीत होता. त्याचं कारण मात्र घरातही कुणी मनावर घेतलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी सी-स्कीममधल्या एका हॉस्पिटलात त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शुद्ध आली, पण अंग धड हलेना. स्नायू सैल पडावेत म्हणून दिलेलं औषध अजून उतरायचं होतं. डॉक्टर म्हणाले, हात दाबा. बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. झालं, ताकद आली असं समजून डॉक्टरांनी घशातली श्वासाची नळी काढून टाकली! मग श्वास घेता येईना, पापणी उचलेना, आणि शेजारी दोघं जण कुठल्याशा लग्नातल्या जेवणाच्या गप्पा मारत होते. कुणाचं तरी लक्ष गेलं म्हणून बाई वाचल्या.

हा सगळा तुमचा भास, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणि विमा कंपनीत साहेबकी केलेल्या बाईंच्या यजमानांनी, उमाकांतरावांनी, ते मुकाट्याने मानलं. आल्यागेल्याला हसत सांगायचे, आमची ही जरा घाबरट आहे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वतःला साधी सुई दिसली तरी ज्याला घाम फुटतो, त्याने हे सांगावं!

यंदा हर्नियाच्या ऑपरेशनची पाळी उमाकांतरावांवर आली. बाईंनी हॉस्पिटलात आधीच विचारून ठेवलं, औषध उतरलं की नाही ते मोजणारं मशीन लावणार ना? त्यात मनगटाच्या नसेला लागोपाठ चार बारीक झटके देतात; चौथ्या झटक्यालाही अंगठा जवळजवळ पहिल्याइतका हलला, तरच नळी काढायची. हो हो म्हणून त्यांची बोळवण झाली. ऑपरेशनच्या सकाळी कळलं, मशीन कपाटात पडून आहे आणि भूल देणारे डॉक्टर अनुभवावर काम करतात. बाईंनी स्ट्रेचरची कड धरली ती सोडेचनात. मुलगी तनया कानाशी लागली, "आई, मतलब... सगळे बघतायत." बघू देत, म्हणाल्या. आडवे पडलेले उमाकांतराव ओशाळून डॉक्टरांची माफी मागत होते. शेवटी नाइलाजाने मशीन निघालं.

संध्याकाळी तेच डॉक्टर खोलीत आले. माणूस सरळ निघाला. म्हणाले, साहेबांनी हात चांगला घट्ट दाबला होता, एरवी मी नळी काढलीच असती. पण चौथ्या झटक्याला अंगठा निम्म्यानेही हलत नव्हता. परत झोपवलं, औषधाचा उतारा दिला आणि थांबलो.

डॉक्टर गेल्यावर उमाकांतरावांनी मान बाईंकडे वळवली. मग म्हणाले, "रत्ना, तुझं खरं होतं गं."

हे एवढं ऐकलं की आपला राग निवेल, असं बाईंना इतकी वर्षं वाटत होतं. तो उलट भडकलाच.

"मी सांगत होते ते तुम्हाला पुरलं नाही," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "मशीननं सांगितल्यावर पटलं."

बाईंनी उमाकांतरावांच्या मानेखालची उशी नीट केली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.