पिशवीतली सहाण

बाळ दोन महिन्यांचं असताना माझी परीक्षा आली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई म्हणाली, "तू जाय, पोराले मी सांभाळते." मी वाटीत दूध काढून ठेवलं आणि दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे तिला बजावलं, की दुधाशिवाय काही द्यायचं नाही. पण आम्हा भावंडांना तिने घुटी देऊनच वाढवलं होतं, त्यामुळे माझा विश्वास बसेना. घुटी उगाळायची सहाण मी गुपचूप पिशवीत टाकली आणि असोद्याहून जळगावला गेले.

परतले तेव्हा बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं.

"लय रडला, पन तू सांगेल व्हतं तसंच चमच्यानं पाजलं. पेपर दाखव बरं."

तिला वाचता येत नाही, तरी माझा प्रत्येक पेपर ती हातात घेऊन बघते. तो काढताना पिशवीतून सहाणच बाहेर आली.

आई हसली. "येवढा दगड पेपरले नेला व्हता का वं?" मग हळूच म्हणाली, "मले सांगती, तं मीच लपवून ठेवती."

मला तिच्याकडे बघवेना. पुढच्या पेपरला सहाण मी जागेवरच राहू दिली. माफी मात्र अजून मागितलेली नाही.