इद्दतीतली केळीकापणी

सावद्यात आमच्या घरी दर गुरुवारी दुपारी बायकांची बैठक भरते. सतरंजी कोणी घालायची, पाणी कोणी भरायचं, हे मी ठरवून देते. कुराणाच्या आयती समजावायला एक बाजी येतात. आवाज खणखणीत, बोलणं गोड. पण त्या किताब आणत नाहीत, हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

धाकटे दीर वारले आणि जाऊ इद्दतीत बसली. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, लग्नाची बोलणी नाहीत. नेमकी तेव्हाच त्यांची केळीची बाग कापणीला आली. मालक बागेत उभा नसला की व्यापाऱ्याची माणसं चांगले घडही 'बाद' म्हणून बाजूला टाकतात आणि तेच स्वस्तात उचलतात. आमचे हे वरणगावला कामावर, मला घडातलं काही कळत नाही. बाग कळणारी एकटी जाऊच, आणि तिच्या लेकरांचं वर्ष त्या बागेवर.

तिने बैठकीत विचारलं, "बाजी, दिवसा बागेत जाऊन आले तर चालेल?"

बाजींनी डोळे मिटले. "आयतीत स्वतःला थांबवून ठेवा असं आहे. मला तर वाटतं, उंबऱ्याबाहेर पाऊलही पडू नये."

"हे कोणी सांगितलंय?" मी विचारलं.

"आपा, दिलात ईमान असलं की अर्थ आपोआप उमटतो."

"उमटत असेल. कोणत्या किताबात उमटलाय तेवढं सांगा."

जावेने मान खाली घातली. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. बाजींचा भाऊ केळीचा व्यापारी आणि या बागेचा माल त्यानेच घेतलेला.

धुळ्याला माझं माहेर. लहानपणी ज्या मौलानांकडे शिकले, ते अजून तिथेच आहेत. कुराणाचा अर्थ जो केवळ आपल्या मताने लावतो, तो बरोबर निघाला तरी चुकला, ही पैगंबरसाहेबांच्या वचनाची हदीस त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतली होती. त्यांच्याकडे मी उत्तर तयार ठेवूनच गेले. इद्दतीतल्या एका बाईला पैगंबरसाहेबांनी तिच्या झाडांचा खजूर तोडायला जाऊ दिलं होतं, हे मी वाचलं होतं.

"तिकडे खजूर, इकडे केळी. झालं की," मी म्हणाले.

"वा बेटी. बाजींचं मत चालत नाही, तुझं चालतं? ती बाई तलाकनंतरच्या इद्दतीत होती. तुझी जाऊ विधवा. आत जाऊन जेवून घे."

जेवून आले तर त्यांच्यापुढे किताबांची चळत. आपल्या मसलकच्या, म्हणजे आपण मानतो त्या पंथाच्या, जुन्या इमामांनी विधवेला गरजेपुरतं दिवसा बाहेर जायची मुभा दिली आहे, रात्र मात्र घरीच काढायची. पानाचा फोटो मला काढायला लावला. "यात माझा एक शब्द नाही," म्हणाले.

मग मी बाजींच्या भावाचं सांगितलं.

"बाजींनी त्याच्यासाठी तसं सांगितलं, हे तू ऐकलंस?"

"नाही. पण मला तर वाटतं..."

"वाटतं," मौलाना म्हणाले आणि किताब मिटली.

पुढच्या गुरुवारी बाजींनी माझ्या फोनवर ते पान दोनदा वाचलं. "मला हे माहीत नव्हतं," म्हणाल्या, आणि जावेला म्हणाल्या, "जा तू." खरंच माहीत नव्हतं का, मला आजही सांगता येणार नाही. हल्ली त्या किताब आणतात. मी पुढे बसते, पानं उलटतात का ते दिसावं म्हणून.

कापणीच्या दिवशी जाऊ पांढरी ओढणी घट्ट लपेटून बागेत उभी राहिली. बाजींचा भाऊ गाडीपाशी होता. त्याने मला अदबीने सलाम केला. मी सलाम परत केला, नजर घडांवरून हलवली नाही.

"हा का बाद?" जावेने एका मजुराला हटकलं.

"डाग हाये ना, ताई."

"पूस."

त्याने फडक्याने पुसलं. चिकाचा ओघळ होता, निघून गेला. घड गाडीत गेला. त्यानंतर बाजूला टाकलेला प्रत्येक घड तिने पुसायला लावला, आणि दिवस मावळायच्या आत, मगरिबच्या अजानआधी आम्ही घरी होतो.